पत होती, नोंद नव्हती

सांगलीच्या हळद बाजारात अडतीचा धंदा करण्यात माझी त्रेचाळीस वर्षे गेली. ज्या वाचकांना या धंद्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की शेतकऱ्याचा माल सौद्यात विकला गेला की त्याची पट्टी अडत्याने चुकती करावयाची असते; खरेदीदाराकडून रक्कम मात्र मुदतीने येते. मधल्या दिवसांत दोघांच्या मध्ये उभी असते ती अडत्याची पत. वडिलांचा दंडक होता, की पेढीवर बँकेचे कर्ज चढू द्यावयाचे नाही. तो आम्ही पाळला. घर, गोदाम, मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, सारे स्वतःच्या भांडवलातून झाले. अडुसष्टाव्या वर्षी भागीदारीतून निवृत्त झालो तेव्हा कोणाचे एक रुपयाचेही देणे नव्हते. याचा मला अभिमान होता, आणि आजही आहे.

गेल्या वर्षी पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पुण्याला गेलो. रविवार होता. रुग्णालयाने भरतीपूर्वी दीड लाख रुपये अनामत मागितली. माझ्या डेबिट कार्डाची एका दिवसाची मर्यादा त्याहून कमी निघाली. चेक ते घेत नव्हते. चिरंजीव खरेदीसाठी निझामाबादला गेलेले, त्यांचा फोन लागेना. बँकेत माझ्या नावावर त्या रकमेच्या कितीतरी पट मुदतठेव होती, परंतु त्या क्षणी तिचा उपयोग शून्य होता. अखेर जावईबापूंनी खिशातून स्वतःचे क्रेडिट कार्ड काढले आणि दोन मिनिटांत पावती हातात ठेवली.

त्यांनी ते अगदी सहज केले. तथापि लेकीच्या घरचे पाणीही संकोचाने पिणाऱ्या घरात मी वाढलो आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. बुधवारी रक्कम त्यांच्या खात्यावर पोहोचती केली, त्यांनी ‘कशाला, बाबा?’ म्हटले, आणि विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नव्हता.

सांगलीला परतताच, ज्या बँकेत तीस वर्षे खाते आहे तिथे क्रेडिट कार्डासाठी अर्ज दिला. आठ दिवसांनी मोबाइलवर एका ओळीचा नकार आला. कारण दिले होते ‘बँकेचे अंतर्गत धोरण’. माझे जुने दिवाणजी भेटले तेव्हा त्यांना हे सांगितले. ते हसून म्हणाले, “शेटजी, तुमच्या शब्दावर बाजारात लाखांचा माल सुटत होता. बँकेला चिठ्ठी लिहून देऊ का?”

चिठ्ठी मी स्वतःच लिहिली. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी जे सविस्तर निर्देश काढले, त्यांत अर्ज नाकारल्यास त्याचे विशिष्ट कारण लेखी कळवणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक केले आहे. त्याचा उल्लेख करून शाखेत पत्र दिले व पोच घेतली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही अथवा असमाधानकारक दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तशी वेळ आली नाही. उत्तर आले आणि त्यात तीन कारणे होती: वय मर्यादेबाहेर, नियमित उत्पन्नाचा पुरावा अपुरा, पतइतिहास उपलब्ध नाही.

पहिल्या कारणावर बोलण्यासारखे फारसे नाही. मुख्य कार्डधारकाच्या वयाची वरची मर्यादा प्रत्येक बँक आपापल्यापुरती ठरवते; कुठे साठ, कुठे पासष्ट, कुठे त्याहून थोडी अधिक. दुसरे कारण मात्र आपल्या व्यापारी कुटुंबांना विशेष लागू पडते. आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा एकाच खात्यात जमा होते, आणि त्याच बँकेने त्यांना कार्ड घरपोच पाठवले. आपल्याकडे दुकान मुलाच्या हाती सोपवले की वडिलांच्या नावावर उरते काय? ठेवींचे व्याज, गोदामाचे भाडे, पेढीत ठेवलेल्या रकमेवरचे व्याज. पोट त्यावर उत्तम भरते, पण पगार अथवा धंदा असे दोनच रकाने ज्या अर्जात असतात तिथे हे उत्पन्न बसत नाही. त्यातच पुष्कळ वडीलधारी मंडळी ‘आता काय करायचे’ म्हणून आयकर विवरणपत्र भरणेही सोडून देतात. ते सोडू नये.

तिसऱ्या कारणाने मी खरा चक्रावलो. पतइतिहास नाही, म्हणजे माझा?

आजोबांच्या काळी शहाजोग हुंडी चालत असे. तिची रक्कम ज्याला बाजार ओळखतो अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच मिळे. ओळख ही माणसांच्या स्मरणात असे. आज ती चार कंपन्यांच्या नोंदींत असते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क ही त्यांची नावे, आणि २००५ च्या कायद्यान्वये त्यांचे नियमन होते. बँका प्रत्येक कर्जाची व कार्डाची परतफेड त्यांना कळवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान अंक ठरतो. त्या नोंदीत ठेवींना जागा नाही. शेतकऱ्याची पट्टी तुम्ही चाळीस वर्षे वेळेवर चुकती केलीत, यालाही नाही. मी माझा अहवाल मागवला (प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो), तर अंकाच्या जागी ‘एनएच’ ही अक्षरे होती, म्हणजे इतिहास नाही. ज्याने कर्ज बुडवले त्याला निदान एखादा अंक असतो. ज्याने कधी घेतलेच नाही तो कोरा कागद.

रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या आरंभी, केवळ पूर्वेतिहास नाही एवढ्यावरून प्रथमच कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे बँकांना सांगितले आहे, हेही इथे नोंदवतो. तरी अंतिम निर्णय बँकेचाच असतो. आणि एका स्नेह्यांनी केले तसे रागाच्या भरात चार बँकांत लागोपाठ अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पाचव्या बँकेला ती दिसते.

वाट दाखवली ती शाखेतल्या एका तरुण अधिकारी मुलीने. “काका, ठेवीवर कार्ड घ्या. त्याला वयाची अडचण येणार नाही.” मुदतठेव तारण ठेवायची, तिच्या काही हिश्शाइतकी मर्यादा मिळते, उत्पन्नाचा पुरावा सहसा मागत नाहीत, आणि परतफेडीची नोंद इतर कार्डांप्रमाणेच पतकंपन्यांकडे जाते. ठेवीवर व्याज चालू राहते. मात्र कार्ड बंद केल्याशिवाय ती मोडता येत नाही.

मी तिथून उठून घरी आलो. स्वतःच्याच पैशावर स्वतःलाच उधार, हे मनाला पटेना. ज्याच्या पेढीने कधी तारण दिले नाही, त्याने किराणा मालाच्या बिलासाठी ठेव गहाण टाकायची? दोन आठवडे तो कागद टेबलावर पडून होता. पत्नी काठी टेकत आली आणि म्हणाली, “त्या दिवशी काउंटरवर तुमचा चेहरा मी पाहिला होता. परत तो पाहायचा नाही मला.” दुसऱ्या दिवशी सही केली.

सही करताना त्या अधिकारी मुलीला विचारले, पत्नीसाठी माझ्याच कार्डावर जोडकार्ड घेऊ का? तिने उलट विचारले, “काका, तुमच्यानंतर?” मुख्य कार्डधारक गेला की जोडकार्डही बंद होते, आणि जोडकार्डाचा व्यवहार नोंदला जातो तो मुख्य धारकाच्या नावावर. आमच्या घरातली ठेव माझ्या नावे, घर माझ्या नावे, लॉकरची किल्लीही माझ्या खणात. उद्या मी नसलो तर पत्नी त्या संगणकाला माझ्याहूनही अनोळखी. आपल्या किती घरांत याहून वेगळी स्थिती आहे? म्हणून माझ्या ठेवीतला एक भाग तिच्या एकटीच्या नावावर वेगळा केला आणि तिचे स्वतंत्र कार्ड काढले.

व्याजाविषयी व्यापाऱ्यांना काय सांगावे! पूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज नाही. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरून बाकी पुढे ढकलली, तर बहुतेक कार्डांवर दरमहा तीन ते पावणेचार टक्के लागतात. बाजारात या दराने पैसे उचलणाऱ्याला आपण माल दिला असता का? कार्डावर रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून सुरू. मी बँकेला आपोआप पूर्ण बिल वळते करण्याची सूचना देऊन ठेवली आहे.

पत्नीने मात्र तशी सूचना देण्यास नकार दिला. महिन्याला एकदा ती चष्मा लावून बिल वाचते, औषधाची आणि भाजीची पावती त्याला लावून पाहते, मग रक्कम स्वतः भरते. पहिले बिल एक हजार आठशे चाळीस रुपयांचे होते. मुदतीच्या अकरा दिवस आधी तिने ते भरून टाकले.