शाळा-कॉलेजच्या काळातलीच गाणी आणि खेळाडू आपल्याला भारी का वाटतात?

सचिन भारी की विराट, हा वाद कमेंटमध्ये कधीच मिटत नाही. त्यात एखादे काका येऊन लिहितात, "हेल्मेट न घालता वेस्ट इंडिजला खेळून दाखवा, मग बोला." काकांचा हिरो कोण, हे वेगळं सांगायला नको. गाण्यांच्या पोस्टखालीही तीच भांडणं असतात. नव्वदच्या दशकातले एकीकडे, "आता गाणी राहिलीच कुठं" म्हणणारे दुसरीकडे.

प्रत्येकाला वाटतं, आपण क्रिकेट कळतं म्हणून बोलतोय. पण या वादात आकडेवारीपेक्षा जास्त काम करतं ते बोलणाऱ्याचं जन्मसाल.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं, आतापर्यंतचे सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण? पेले, क्रुइफ, मॅराडोना अशी नावं आली. गंमत पुढं आहे. लोकांनी निवडलेले खेळाडू कारकिर्दीच्या मध्यावर होते, तेव्हा निवडणारे लोक साधारण १७ वर्षांचे होते. गाण्यांबद्दल होलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्येच असं काहीसं दाखवलं होतं. त्यांच्या अभ्यासात लोकांना सगळ्यात जास्त आवडलेली गाणी ते साधारण २३-२४ वर्षांचे असतानाची निघाली.

म्हातारपणी माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की १० ते ३० या वयातल्या आठवणींची गर्दी होते. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात, म्हणजे आठवणींचा उंचवटा. जपान, चीन, बांगलादेश, इंग्लंड आणि अमेरिका अशा पाच देशांत तो तपासला गेला आणि पाचही ठिकाणी सापडला.

हे का होतं, यावर संशोधकांचं एकमत नाही. एक कारण म्हणजे त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, आणि पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसते. दुसरं, त्याच वयात आपण कोण आहोत हे ठरत असतं. कुणाचं पोस्टर भिंतीवर लावायचं, कुणासाठी मित्राशी भांडायचं, हे तेव्हा फार गंभीर प्रश्न असतात.

आपल्याकडे मला आणखी एक कारण दिसतं, ते म्हणजे पर्यायच नव्हते. बिनाका गीतमाला, विविध भारती, पुढं दूरदर्शनवरचं चित्रहार. कॅसेट एकच, मग तीच रीळ गुंतेपर्यंत वाजायची आणि पेन्सिल घालून परत गुंडाळली जायची. इतक्यांदा ऐकलेलं गाणं विसरणार कसं? शिवाय तेव्हाची टुकार गाणी आपण सोयीस्करपणे विसरलोय, हेही आहेच.

सचिनचं प्रकरण यात वेगळं आहे. १९८९ ते २०१३, अशी २४ वर्षं तो खेळला. त्यामुळं दोन पिढ्यांच्या 'सतराव्या वर्षी' तोच होता, फक्त सचिन वेगवेगळा. एकाला एप्रिल १९९८ चं शारजा आठवतं. २२ तारखेला वाळूच्या वादळानंतरचे १४३ आणि २४ तारखेला, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, फायनलमध्ये १३४. दुसऱ्याला २०१० मधलं ग्वाल्हेरचं द्विशतक आठवतं. गावसकरांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ४ कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हा ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेली पोरं आज सत्तरीत आहेत. कमेंट करणारे काका बहुतेक त्यातलेच.

यावरून गावसकर, सचिन आणि विराटमध्ये श्रेष्ठ कोण, हे मात्र ठरत नाही. आपलं मत इतकं ठाम का आहे, एवढंच कळतं.

नव्या पोरांना जुनी गाणी कशी काय आवडतात, याचंही उत्तर आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात साधारण विशीतल्या मुलांना जुनी गाणी ऐकवली. त्यांच्यात एक उंचवटा थेट आई-वडलांच्या तरुणपणीच्या गाण्यांवर सापडला. घरात वाजलेलं गाणं वारशानं येतं. किशोर कुमार १९८७ मध्ये गेले, पण त्यानंतर जन्मलेल्या कितीतरी जणांना त्यांची गाणी पाठ आहेत. आणि 'झिंगाट'ला २०१६ मध्ये नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरं आता विशीत आहेत. त्यांच्यासाठी ते बालपणीचं गाणं झालंय.

या सगळ्याचा भांडणापेक्षा चांगला उपयोग घरातच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना नावं, तारखा आठवत नाहीत, पण ओळखीच्या गाण्यांची आठवण बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते. गाण्यानं आजार बरा होत नाही. तरी गप्प बसलेलं माणूस एखाद्या चालीवर गुणगुणायला लागतं. फक्त गाणं 'जुनं' असून चालत नाही, त्यांचं असावं लागतं. हिशेब सोपा आहे. आजी १९४५ ची असेल, तर १९५५ ते १९७० मधली गाणी शोधायची. सुरुवात गीतरामायणापासून करता येईल, पुणे आकाशवाणीवर ते १९५५ मध्येच सुरू झालं होतं.