सोर्बेतेस : नाव आणि पदार्थ

फिलिपाइन्समध्ये रंगीत हातगाडीवर विकल्या जाणाऱ्या आइस्क्रीमला ‘सोर्बेतेस’ म्हणतात. स्पॅनिशमधून आलेल्या या शब्दाचे मूळ ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूत आहे. आपले ‘सरबत’ त्याच कुळातले होय. पेयाचे नाव येथे गोठलेल्या पदार्थास लाभले.

गाडीत बहुधा धातूची तीन उभी भांडी असतात. भोवतालच्या बर्फात मीठ मिसळताच त्याचा वितळणबिंदू शून्याखाली उतरतो. वितळताना तो भांड्यातील उष्णता शोषतो आणि ढवळलेले मिश्रण गोठते. आपल्याकडील पॉट आइस्क्रीमचे तत्त्व हेच. दूध म्हशीचे किंवा नारळाचे. स्वाद आंबा, चीज वा ‘उबे’, म्हणजे आपले जांभळे कोनफळ. घंटा वाजताच मुले धावतात आणि कोनात किंवा पावात भरून घेतात. मनिलात १९०२ साली सरकारी बर्फ-कारखाना उभा राहिल्यावर बर्फ सुलभ झाला.

या पदार्थास ‘डर्टी आइस्क्रीम’ असेही म्हणतात. हे विशेषण रस्त्यावरील विक्रीस चिकटलेले आहे. तो स्वच्छतेच्या परीक्षणाचा निष्कर्ष नव्हे, आणि खाणारे ते सलगीनेच उच्चारतात. एका नावात प्रवास आहे, दुसऱ्यात प्रतिष्ठेची उतरंड. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकाने नावाचा अर्थ लावावा; परंतु पदार्थाची पारख नावावरून करू नये.