पारितोषिक आणि मान्यता : अनुवादकाच्या निमित्ताने

१

ज्याला आपण व्यवहारात सरसकट ‘बक्षीस’ म्हणतो त्यासाठी शिष्ट मराठीत पारितोषिक आणि पुरस्कार असे दोन शब्द रूढ आहेत. त्यांच्या शेजारीच मान्यता हा तिसरा शब्द उभा असतो. हे तिन्ही शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांच्या व्युत्पत्तीकडे पाहिले तर ते तीन निराळ्या गोष्टी सांगतात असे दिसून येईल. परितोष म्हणजे संतोष. पारितोषिक हे देणाऱ्याला संतोष झाल्याचे चिन्ह होय. त्यात देणाऱ्याची मर्जी प्रधान असते. पुरस्कार म्हणजे पुढे करणे, समोर आणून ठेवणे. येथे लक्ष देणाऱ्यावरून निघून ज्याला पुढे आणले त्याच्याकडे जाते. मान्यतेच्या मुळाशी मात्र ‘मन्’ हा धातू आहे, आणि विचार करणे हा त्याचा अर्थ आहे. एखाद्याच्या कामाचा विचार करून त्या कामाचे स्वरूप ओळखणे आणि त्याप्रमाणे त्याच्याशी वागणे, याला मान्यता म्हणावयाचे. ती एका समारंभात देता येत नाही. ती रोजच्या व्यवहारातून मिळावी लागते.

कोणत्याही व्यवसायात या तीन गोष्टींची गल्लत होते. शिक्षक, परिचारिका, कारागीर यांना वर्षातून एकदा गौरविण्यात येते, आणि त्यानंतर त्यांचे उरलेले वर्ष पूर्वीसारखेच जाते. पण ही गल्लत अनुवादकाच्या बाबतीत जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून अनुवादकाचे उदाहरण घेऊन पुरस्काराचे मोल किती आणि कशात, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२

मराठीत अनुवादाला पारितोषिक देण्याची प्रथा आपण समजतो त्याहून जुनी आहे. सेनापती दाभाडे यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी चालविलेली श्रावणातील दक्षिणा ही विद्वान ब्राह्मणांचा सन्मान करण्यासाठी होती. १८१८ साली राज्य गेल्यावर इंग्रज सरकारने हा खर्च एकदम बंद केला नाही. त्याचा काही भाग १८२१ साली निघालेल्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी अर्ज केला की, या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे लावावा. जुन्या पक्षाचा त्याला कडवा विरोध झाला. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. अव्वल इंग्रजीच्या काळात मराठी गद्याची जी उभारणी झाली तीत भाषांतरांचा वाटा फार मोठा होता, आणि त्या उभारणीला या कमिटीचा हातभार लागला, हे निर्विवाद आहे.

परंतु याच कमिटीची दुसरी एक हकीकत विसरता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे पाठविले आणि ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा त्याचा खुलासा स्वतः फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त केला आहे. ते नाटक छापून वाचकांपुढे येण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. जी कमिटी मराठी ग्रंथकाराला प्रथमच मान देत होती, तीच आपल्या काळातील एका महत्त्वाच्या लेखनाकडे पाहू शकली नाही. याचे कारण उघड आहे. तिचे पारितोषिक हे शब्दाच्या मूळ अर्थाने परितोषाचे पारितोषिक होते. कोणाला संतोष व्हावयाचा हे आधीच ठरलेले होते. बक्षीस देणाऱ्या प्रत्येक मंडळाने हा दाखला डोळ्यांसमोर ठेवावयास हवा.

३

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम अखिल भारतीय पातळीवर आले. साहित्य अकादेमीचे उद्घाटन १२ मार्च १९५४ रोजी झाले आणि १९५५ पासून तिचे पुरस्कार सुरू झाले. मराठीतील पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. एका भारतीय भाषेतील ग्रंथ दुसऱ्या भाषेत नेणे हे अकादेमीचे आरंभापासूनचे काम असले, तरी अनुवादाचा स्वतंत्र पुरस्कार १९८९ साली, म्हणजे ३४ वर्षांनी, आला. त्या पहिल्या वर्षाचा मराठीचा पुरस्कार उमा कुलकर्णी यांना एस. एल. भैरप्पा यांच्या ‘वंशवृक्ष’ या कन्नड कादंबरीच्या अनुवादासाठी मिळाला. उमाताईंच्या कामाची रीत आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करावयाचा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवावयाचा. अनुवाद हा किती परिश्रमाचा, आणि बाहेरून न दिसणाऱ्या किती श्रमांवर उभा असलेला व्यवसाय आहे, हे या एका उदाहरणावरून कळून येईल.

अकादेमीचा मुख्य पुरस्कार आज एक लाख रुपयांचा आणि अनुवादाचा पन्नास हजारांचा आहे. हे अर्धे कोणत्या मोजमापाने ठरले, असा प्रश्न मनात येतो. त्याच्याशी तुलना करण्याजोगी एक निराळी व्यवस्था इंग्लंडात आहे. तेथील आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार २०१६ पासून दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला देण्यात येतो, आणि त्याचे पन्नास हजार पौंड लेखक व अनुवादक यांत समान वाटले जातात. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या अनुवादासाठी त्यांच्यासह डेझी रॉकवेल यांना, आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या अनुवादासाठी त्यांच्यासह दीपा भास्ती यांना तो मिळाला. दीपा भास्ती यांनी तर १९९० ते २०२३ या काळातील कथांतून बारा कथांची निवडही स्वतःच केली होती. या समान वाटणीत औदार्य आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथे फक्त वस्तुस्थिती मान्य केली आहे. परीक्षकांनी वाचलेले प्रत्येक वाक्य अनुवादकाने लिहिलेले असते.

आपल्याकडेही ही वस्तुस्थिती निराळी नाही. ज्ञानपीठ पुरस्कार १९६५ साली प्रथम मल्याळम कवी जी. शंकर कुरूप यांना देण्यात आला. निवड-मंडळातील सर्व सभासदांना सर्व भाषा येणे अशक्य; म्हणून भाषा-समित्यांच्या शिफारशींबरोबरच प्रसंगी हिंदी वा इंग्रजी अनुवाद मागवावे लागतात. ज्याला आपण अखिल भारतीय कीर्ती म्हणतो तिचा पाया असा अनुवादकाच्या कागदांवर घातलेला असतो. या श्रेयाचा प्रश्न फक्त एकदा आपोआप सुटला होता. १९१३ सालचे नोबेल पारितोषिक रवींद्रनाथांना ज्या इंग्रजी ‘गीतांजली’मुळे मिळाले तिचे अनुवादक ते स्वतःच होते.

४

आता प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका बंगाली कादंबरीचा माझा अनुवाद प्रसिद्ध झाला. माझे नाव शीर्षकपृष्ठाच्या मागील बाजूस, मुद्रणालयाच्या नावाच्या वर, बारीक टाइपात होते. एका परीक्षणकर्त्याने ‘लेखकाच्या प्रवाही मराठी शैली’ची मनापासून स्तुती केली, त्या लेखकाला मराठी येत नव्हते. मला त्या वेळी राग आला नाही, उलट थोडा आनंदच झाला. पुढे त्या अनुवादाला एक लहानसे पारितोषिक मिळाले. दुसरी आवृत्ती निघाल्याचे मला रस्त्यावरच्या एका पुस्तकांच्या दुकानात कळले. मुखपृष्ठावर ‘पारितोषिकप्राप्त अनुवाद’ अशी लाल पट्टी होती, आणि माझे नाव आत, पूर्वीच्याच जागी होते. त्या आवृत्तीचे मानधन मिळाले नाही. तसा करारच झालेला नव्हता, आणि तो मागण्याचे मला सुचले नव्हते.

या प्रसंगाने दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्यास मला शिकविले. अनुवादकाने वाक्यात दिसू नये, ही कलेची मागणी आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरच्चंद्र वाचताना मराठी वाचकांच्या एका पिढीला ते परके वाटले नाहीत, यातच वरेरकरांचे यश आहे. परंतु अनुवादकाने मुखपृष्ठावरून, करारपत्रावरून आणि जाहिरातीतूनही नाहीसे व्हावे, ही कलेची मागणी नव्हे. पहिल्या अदृश्यतेचे गोडवे गाऊन दुसरी पदरात घालावयाची, ही युक्ती आपल्या व्यवहारात फार काळ चालत आली आहे. आणि आम्ही अनुवादकांनीही नम्रतेच्या नावाखाली तिला साथ दिली आहे.

नामनिर्देशाचा हा हक्क काही नवा शोध नाही. अनुवादित ग्रंथाच्या प्रत्येक प्रतीवर अनुवादकाचे नाव ठळक जागी असावे, अशी शिफारस युनेस्कोने १९७६ साली नैरोबी येथे केली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम, लेखकाने हक्क विकले असले तरीही, आपले कर्तृत्व सांगण्याचा त्याचा अधिकार कायम ठेवते. अनुवाद ही साहित्यकृती आहे असे मानले की तो अधिकार अनुवादकालाही पोहोचतो. असे असूनही पुरस्काराने हा प्रश्न सुटत नाही. ओल्गा तोकार्चुक यांच्या ‘फ्लाइट्स’च्या अनुवादासाठी जेनिफर क्रॉफ्ट यांना २०१८ साली बुकर मिळाले, आणि तरीही मुखपृष्ठावर नाव असल्याखेरीज यापुढे अनुवाद करणार नाही, असे त्यांना २०२१ साली जाहीर करावे लागले.

५

मान्यतेचे सर्वांत उपेक्षित अंग म्हणजे समीक्षा. ‘अनुवाद ओघवता झाला आहे’, ‘अनुवाद वाटतच नाही’ ही आपल्या परीक्षणांतील ठरीव वाक्ये आहेत. ती मूळ ग्रंथ न उघडता लिहिता येतात. ओघवतेपणा हा गुण खरा. पण तो मुळाला सोडूनही साधता येतो. बंगालीतील ‘अभिमान’ घ्या. जवळच्या माणसाने दुखविल्यावर प्रेमातूनच येणारा जो रुसवा, तो बंगालीतला अभिमान. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ गर्वाच्या बाजूला जातो. बंगालीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतील चेष्टा म्हणजे थट्टा. शब्द लिपी बदलून तसाच ठेवला तर मराठी वाक्य वाहते राहील, वाचकाला अडखळावे लागणार नाही, आणि एखादी मानी, दुखावलेली नायिका गर्विष्ठ होऊन बसेल. बरे, ‘रुसवा’ म्हणावे तर त्यात थोडा लाडिकपणा येतो, आणि पन्नाशीच्या विधवेच्या तोंडी तो शोभत नाही. अशा ठिकाणी अनुवादकाने काय केले हे पाहणे म्हणजे त्याच्या कामाचा विचार करणे. जाणत्या वाचकाने अशी एक चूक दाखवून दिली तर तिच्यात जी मान्यता आहे ती दहा शालींत नाही, असे मी अनुभवाने म्हणतो.

ज्यांच्यापर्यंत कोणताही पुरस्कार पोहोचत नाही असे अनुवादकही आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयातून परिभाषेचे कोश तयार झाले. त्यांतील कित्येक शब्द आज कचेऱ्यांत सहज वापरले जातात आणि ते कोणी घडविले हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. न्यायालयात साक्षीचे भाषांतर करणाऱ्याच्या एका शब्दावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते. या मंडळींना मानचिन्हांची गरज कमी आणि योग्य वेतनाची, पुरेशा वेळाची आणि त्यांच्या जाणकारीवर विश्वास ठेवणाऱ्या वरिष्ठांची गरज अधिक आहे. त्यांच्यापुरती मान्यता तीच.

६

तर मग पुरस्कार निरर्थक आहेत काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. अनुवादासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवला गेला तेव्हा अनुवाद ही स्वतंत्रपणे तोलण्याजोगी कृती आहे, हे तत्त्व एका राष्ट्रीय संस्थेने मान्य केले. ते तत्त्व पुरस्काराच्या रकमेहून मोठे आहे. पण ते समारंभापुरते राहिले तर पुरस्कार मान्यतेचा आरंभ न ठरता तिचा पर्याय ठरतो. वर्षातून एकाला हार घातला की उरलेल्यांचे देणे फिटले असे समाजाला वाटू लागते.

यावर उपाय अवघड नाहीत. पुरस्कारासाठी विचारात घ्यावयाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव असलेच पाहिजे, एवढी अट पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी घातली तर प्रकाशकांची रीत पाच वर्षांत बदलेल. प्रत्येक आवृत्तीच्या मानधनाचा लेखी करार ही दुसरी अट. आणि तिसरी अट परीक्षकांनी स्वतःवर घालून घ्यावयाची : त्यांच्यापैकी निदान एकाने मूळ भाषेतून ग्रंथ वाचलेला असावा, आणि निवडीची कारणे दोन-तीन पानांत, उदाहरणे देऊन, प्रसिद्ध करावीत. १८५५ साली फुल्यांच्या नाटकाला नकार का मिळाला, ते फुल्यांनाच सांगावे लागले. कमिटीला आपली कारणे लिहून छापावी लागली असती, तर तो नकार देणे तिला इतके सोपे गेले नसते.

अशी दोन-तीन पाने ज्या दिवशी प्रसिद्ध होऊ लागतील त्या दिवसापासून पुरस्कार न मिळालेल्या अनुवादकालाही आपल्या कामाशी ताडून पाहण्यास काहीतरी हाती मिळेल. पुरस्काराचा उपयोग तो न मिळालेल्यांनाही झाला, तरच तो त्या व्यवसायाचा पुरस्कार झाला असे म्हणता येईल.