नवीन भाजीपाला उत्पादकांनी अवजारे कशी निवडावीत?

कापूस, तूर किंवा ज्वारी घेणारा शेतकरी प्रथमच मिरची, वांगी किंवा भेंडीकडे वळतो, तेव्हा कोणते यंत्र आधी घ्यावे हा प्रश्न पडतो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा-तळोद्याची भारी काळी जमीन आणि अक्राणी-अक्कलकुव्याचा डोंगरउतार यांना एकच यादी लागू पडत नाही. मात्र एक नियम सर्वत्र चालतो. हंगामात एक-दोनदा लागणारे अवजार भाड्याने घ्यावे, वारंवार लागणारे स्वतःचे असावे.

मशागतीची अवजारे : नांगरट, रोटाव्हेटर व गादीवाफे करणे ही कामे हंगामात एक-दोनदाच असतात. ती भाड्याच्या ट्रॅक्टरने किंवा गटाच्या अवजारे बँकेमार्फत करून घ्यावीत. भारी जमिनीत वाफसा नसताना रोटाव्हेटर फिरवू नये. खालचा थर दाबला जाऊन पाण्याचा निचरा बिघडतो. उतारावर बैलाची व हाताची अवजारेच सोयीची ठरतात.

आंतरमशागत : आधी अवजार, मग लागवड असे करू नये. प्रथम ओळींतील अंतर ठरवावे आणि कोळप्याची पास त्यापेक्षा सुमारे १५ सें.मी. कमी ठेवावी, म्हणजे मुळे तुटत नाहीत. निंदणीचे काम बहुतेक ठिकाणी महिलाच करतात. सायकल कोळप्याने उभ्याने काम होऊन पाठीचा त्रास कमी होतो. त्याच्या दांड्याची उंची वापरणाऱ्या व्यक्तीप्रमाणे घ्यावी.

फवारणी पंप : पहिला खर्च येथे करावा. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांमुळे मिरचीवर फवारणीची वेळ वारंवार येते. बॅटरी पंपाचा दाब एकसारखा राहतो. परंतु विजेचा भरवसा नसलेल्या पाड्यांवर हात व बॅटरी अशा दोन्हींवर चालणारा पंप घ्यावा. कीटकनाशक व बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल, तर तणनाशकासाठी सपाट फवाऱ्याचे नोझल वापरावे.

तणनाशकाचा पंप वेगळाच असावा. २,४-डी चा अंश पंपात राहिला तर मिरचीची पाने अरुंद व वेडीवाकडी होतात. शेतकरी त्यास चुरडा-मुरडा समजून आणखी औषध मारतो आणि खर्च वाया जातो.

पंपाचे मोजमाप : झाकणाने अंदाजे औषध टाकणे थांबवावे. उभ्या पिकात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा आखावी. पंपात मोजून साधे पाणी भरावे व नेहमीच्या चालीने फवारावे. लागलेल्या पाण्यास ४० ने गुणले की एकरी पाणी मिळते. समजा ५ लिटर लागले, तर एकरी २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. लेबलवर हेक्टरी २५० मि.लि. मात्रा असल्यास एकरी १०० मि.लि. आणि प्रत्येक पंपास ८ मि.लि. औषध होते. पीक वाढले, नोझल बदलले किंवा फवारणारा माणूस बदलला की मोजमाप पुन्हा करावे. त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच औषध घ्यावे.

सुरक्षितता : २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. म्हणून हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे यांचा खर्च पंपाच्या किमतीतच धरावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. चोंदलेले नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. गळका पंप दुरुस्त केल्याशिवाय पाठीवर घेऊ नये.

खरेदीपूर्वी : वॉशर, नोझल व बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते का, ते पाहावे. पंप भरून पाठीवर घेऊन चालून पाहावे. अनुदान हवे असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा व पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. अधिक माहितीसाठी आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांशी किंवा कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

पहिल्या वर्षी चांगला पंप, सायकल कोळपे, खुरपी आणि मोजमापाचे भांडे एवढ्यावर १०-२० गुंठे भाजीपाला उत्तम होतो. मोठ्या यंत्राचा विचार पहिल्या हंगामाचा हिशेब हाती आल्यावरच करावा.