'चेक इंजिन'चा दिवा लागला? स्कॅनर विकत घेण्याआधी हे समजून घ्या

गाडी नीट चालतेय, वेगळा आवाज नाही, धूर नाही. तरी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये मेकॅनिक एक यंत्र जोडतो, स्क्रीनकडे बघतो आणि सांगतो, "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." सेन्सर खरंच गेलाय का, हे तपासायचा मार्ग बहुतेक गाडीमालकांकडे नसतो.

गाडीतला बिघाड वाचणारी ही यंत्रं आता ऑनलाइन अगदी काहीशे रुपयांपासून मिळतात. काहींची किंमत लाखाच्या घरातही जाते. मग घरच्या गाडीसाठी नेमकं कुठलं घ्यायचं?

हा कोड येतो कुठून?

आजच्या गाडीत इंजिनावर सतत लक्ष ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला ईसीयू म्हणतात. एखाद्या सेन्सरचं रीडिंग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की ईसीयू त्याची नोंद एका कोडच्या रूपात करतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला 'ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स' म्हणजे ओबीडी असं नाव आहे.

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं. मूळ हेतू प्रदूषणावर नजर ठेवण्याचा होता. भारतात बीएस-४ कारसाठी ते एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं. बीएस-४ देशभर लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. त्यामुळे गाडी २०१७ नंतरची असेल, तर स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट सापडेलच. त्याआधीच्या गाडीत मात्र सॉकेट आहे का आणि ते कोणतं, हे आधी बघून घ्या. दुचाकीचं सॉकेट बहुतेक वेळा वेगळं असतं, तिथे कारचा स्कॅनर थेट बसत नाही.

कोड कसा वाचायचा?

उदाहरणार्थ, पी०३०१. पहिलं अक्षर गाडीचा भाग सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनसारखी चॅसीची यंत्रणा, बी म्हणजे बॉडी (एअरबॅग वगैरे) आणि यू म्हणजे कॉम्प्युटरमधला आपापसातला संपर्क. दुसऱ्या जागी ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांसाठी सारखाच असतो. १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड. पुढच्या आकड्यांवरून नेमका बिघाड कळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

पण इथेच बहुतेकांची गफलत होते. कोड लक्षण सांगतो, कारण नाही. मिसफायर स्पार्क प्लगमुळे होऊ शकतो, इग्निशन कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे किंवा कॉम्प्रेशन कमी झाल्यामुळेही. ज्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तिथे मेकॅनिक पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो. आता कोड पी०३०२ आला, तर दोष कॉइलचा. नवा पार्ट न घेता निदान झालं.

बाजारात कोणते प्रकार आहेत?

पहिला प्रकार म्हणजे साधा कोड रीडर. छोटी स्क्रीन आणि दोन-चार बटणं. कोड दाखवतो आणि पुसतो, त्यापलीकडे फारसं काही नाही.

दुसरा, मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ किंवा वायफाय ॲडॅप्टर. टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारख्या ॲपवर कोडसोबत चालू इंजिनाचे आकडेही दिसतात. यातले बरेच 'ईएलएम ३२७' नावाने विकले जातात. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पण या कंपनीने २०२२ मध्ये काम थांबवलं आणि बाजारातले स्वस्त ॲडॅप्टर बहुतेक नकला आहेत. 'व्हर्जन १.५' असं लिहिलेलं असेल तर तो ठोस पुरावाच, कारण मूळ कंपनीने ते व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. नक्कल चालतच नाही असं नाही, पण काही गाड्यांशी तिचा संपर्क जुळत नाही किंवा मध्येच तुटतो.

तिसरा, हातात धरायचा पूर्ण स्कॅनर. तो एबीएस आणि एअरबॅगचे कोडही वाचतो. चौथा, गॅरेजसाठीचा व्यावसायिक स्कॅनर. त्यावरून पंखा किंवा इंधन पंप चालू करून बघता येतो, नवा पार्ट गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखायला लावता येतो. घरच्या वापरासाठी त्याची गरज पडत नाही.

घेताना काय बघायचं?

लाइव्ह डेटा: ही सगळ्यात महत्त्वाची सोय. समजा पी०४२० आला, म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये असं गाडी म्हणतेय. हा पार्ट महाग असतो. पण एक्झॉस्टमधली गळती किंवा खराब ऑक्सिजन सेन्सर यामुळेही हाच कोड येतो. इंजिन गरम असताना कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरचं व्होल्टेज जवळपास स्थिर राहायला हवं. लाइव्ह डेटा नसेल, तर हे बघताच येत नाही.

फ्रीझ फ्रेम: कोड आला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान किती होतं, त्याची नोंद.

रेडिनेस मॉनिटर: सेकंडहँड गाडी घेताना याची खरी किंमत कळते. विक्रेत्याने दाखवण्याआधी कोड पुसले असतील तर दिवा बंद दिसतो. पण गाडीच्या स्वयंचाचण्याही त्यासोबत शून्यावर येतात आणि 'अपूर्ण' दिसतात. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हेही बऱ्याच गाड्या सांगतात. बॅटरी काढली तरी असंच होतं, त्यामुळे थेट आरोप करण्याआधी विचारा. पण आकडा १५-२० किलोमीटर असेल, तर व्यवहार पुढे ढकललेला बरा.

मोबाइल कोणता: आयफोनवर साधे ब्लूटूथ ॲडॅप्टर चालत नाहीत. वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जी असलेला घ्यावा लागतो.

डिझेल आणि सीएनजी: बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ फिल्टरमधली काजळी किती साचली, हे बघता येणारं ॲप निवडा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत इंधन-हवेचं मिश्रण बिघडल्याचे कोड कधी कधी किटच्या ट्यूनिंगमुळे येतात. तिथे आधी किटवाल्याकडे जा.

काय टाळायचं?

कोड लिहून किंवा फोटो काढून ठेवल्याशिवाय पुसू नका. त्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते आणि मेकॅनिकच्या हातचा पुरावा संपतो. ॲडॅप्टर कायम लावून ठेवू नका. सॉकेटला गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज मिळते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. स्वस्त ॲडॅप्टर वापरून गाडीच्या सेटिंग बदलण्याचे प्रयोग तर नकोतच. एअरबॅगच्या कोडचं काम जाणकारावर सोडा.

थोडक्यात, एका गाडीच्या घरासाठी बऱ्या दर्जाचा, परत करायची सोय असलेला ॲडॅप्टर आणि चांगलं ॲप पुरेसं आहे. एबीएस-एअरबॅगही बघायचं असेल किंवा घरात दोन-तीन गाड्या असतील, तर हातातला स्कॅनर. पण तो आपल्या कंपनीच्या मॉडेलला चालतो का, हे यादीत बघूनच पैसे द्या.

आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर स्कॅनर शोधत बसू नका. तो गंभीर मिसफायरचा इशारा असतो. न जळालेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. वेग कमी करा, गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि मदत बोलवा.