दातांची निगा : ब्रशइतकेच पिण्याच्या पाण्याकडेही लक्ष हवे

बेंगळुरू : जागतिक मौखिक आरोग्य दिन दरवर्षी २० मार्च रोजी पाळला जातो. दिवसातून दोनदा दात घासावेत, गोड कमी खावे, दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून घ्यावी, हा सल्ला त्या निमित्ताने पुन्हा दिला जातो आणि तो सर्वांनाच लागू आहे. बेंगळुरू आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत मात्र त्याला एका प्रश्नाची जोड द्यावी लागते : घरात पिण्याचे पाणी कुठून येते? दातांना किडीपासून वाचवणारे फ्लोराइड पाण्यावाटे जास्त प्रमाणात पोटात गेले, तर तेच मुलांचे येणारे दात कायमचे डागाळून टाकते.

दात किडतो कसा?

जेवणानंतर काही तासांतच दातांवर जिवाणूंचा पातळ, चिकट थर साचू लागतो. हे जिवाणू साखर व पिष्टमय पदार्थांवर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. या आम्लामुळे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम व फॉस्फेट झिरपून बाहेर पडते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजे परत आणून बसवते. झीज आणि भरपाई यांचा हा क्रम दिवसभर चालू असतो.

भरपाईला वेळ मिळाला नाही की कीड लागते. म्हणून एकाच वेळी खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोडे थोडे खाल्लेले गोड अधिक घातक ठरते. कार्यालयात दर तासाला घेतलेला साखरेचा चहा किंवा कॉफी, सोबत एखादे बिस्किट, हे दातांच्या दृष्टीने दिवसभर चाललेले एकच जेवण असते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री न घासलेल्या दातांवर आम्लाचा मारा बराच वेळ टिकतो. सकाळच्या घासण्यापेक्षा रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे मानले जाते, ते यामुळेच.

एक द्रव्य, दोन परिणाम

या भरपाईच्या कामात फ्लोराइड मदत करते. लाळेत ते अल्प प्रमाणात असले, तरी खनिजे दातात लवकर परततात आणि नव्याने बसलेला थर आम्लाला अधिक दाद देत नाही. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होते. त्यासाठी फ्लोराइड गिळावे लागत नाही.

फ्लोराइडची दुसरी बाजू आधी लक्षात आली होती. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये आलेले दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना स्थानिक लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, हेही पुढे त्यांच्या ध्यानात आले. पाण्यातील फ्लोराइड हे या डागांचे कारण असल्याचे १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या तपासणीतून उघड झाले. भारतात याच सुमारास, १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात फ्लोराइडमुळे होणाऱ्या आजाराची नोंद झाली.

कायमच्या दातांचे इनॅमल हिरडीखाली तयार होत असते. अक्कलदाढा वगळता हे काम साधारण आठव्या वर्षापर्यंत चालते. या काळात फ्लोराइड सतत जास्त प्रमाणात पोटात गेले, तर इनॅमल सच्छिद्र राहते. सौम्य प्रकारात दातांवर खडूसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात, तीव्र प्रकारात पिवळे-तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. यालाच दंत फ्लोरोसिस म्हणतात. प्रमाण फार वाढले आणि असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर हाडे व सांधेही ताठरतात.

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह मानले आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅम आहे.

बेंगळुरूच्या पायाखालचा खडक

बेंगळुरू शहर ज्या खडकावर उभे आहे, तो लालबागेत उघडा दिसतो. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा हा पट्टिताश्म राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला गेला आहे. दक्षिण कर्नाटकाचा मोठा भाग अशाच ग्रॅनाइट व पट्टिताश्मांचा आहे आणि या खडकांतील काही खनिजांत फ्लोराइड असते. भेगांत साठलेले पाणी जितका अधिक काळ खडकाच्या सान्निध्यात राहते, तितके फ्लोराइड त्यात उतरण्यास वाव मिळतो. कूपनलिका खोल जात राहिल्या की असेच जुने पाणी वर येऊ लागते. बारमाही नदी नसलेले कोलार व चिक्कबळ्ळापूर जिल्हे आणि तुमकुरूतील पावगड तालुका यांना या प्रश्नाची झळ दीर्घकाळ बसत आली आहे.

शहरातील चित्र संमिश्र आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळपास ५०० मीटर उंची चढवून बेंगळुरूत आणले जाते. नदीच्या पाण्यात फ्लोराइड साधारणतः अत्यल्प असते. शहराच्या हद्दीत उशिरा आलेली ११० गावे मात्र दीर्घकाळ कूपनलिका आणि टँकरवर विसंबून होती. त्यांच्यासाठीच्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले; त्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा मोठमोठ्या गृहसंकुलांतही टँकरच्या रांगा लागल्या होत्या. टँकर ज्या कूपनलिकेवर भरला जातो, तिच्या पाण्याचे गुण घरातल्या कोणालाच ठाऊक नसतात. एकाच परिसरातील दोन कूपनलिकांच्या पाण्यातही फ्लोराइडचे प्रमाण वेगळे असू शकते.

महाराष्ट्रातील वाचकांनाही हा विषय परका नाही. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांत फ्लोराइडयुक्त पाण्याचा प्रश्न आहे. पाण्यातील फ्लोराइड तुरटी व चुन्याच्या साहाय्याने काढण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच विकसित केली आहे.

डाग अस्वच्छतेचे नव्हेत

फ्लोरोसिसचा सर्वांत मोठा गैरसमज घरातच होतो. मुलाचे दात पिवळट दिसले की ते नीट घासत नाही, असा दोष त्याला दिला जातो. मग मीठ, कोळशाची पूड, राखुंडी किंवा कडक ब्रश यांचा मारा सुरू होतो. डाग इनॅमलच्या आत असल्याने ते घासून निघत नाहीत. उलट आधीच कमकुवत असलेले कवच झिजते आणि दात शिवशिवू लागतात. अशी मुले पुढे हसताना तोंडावर हात धरू लागतात. जी गोष्ट पाण्यातून आली, तिची लाज मुलाने वाहावी, हे अन्यायाचे आहे. डागांवर दंतवैद्यकात उपाय आहेत. सौम्य डाग वरचा अगदी पातळ थर काढून फिके करता येतात. गडद डागांवर दाताच्या रंगाचे आवरण बसवता येते.

घरी काय करावे?

पाणी कूपनलिकेचे किंवा टँकरचे असेल, तर त्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी आणि त्यात फ्लोराइडचे प्रमाण स्वतंत्रपणे विचारावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. वाफ झालेल्या पाण्यामागे ते किंचित अधिकच दाट होते. केवळ अतिनील किरणांवर चालणारे यंत्रही ते काढत नाही. आरओ यंत्र किंवा सक्रिय ॲल्युमिना असलेली गाळणी ते कमी करते. प्रमाण जास्त असल्यास स्वयंपाकासाठी, तसेच बाळाच्या दुधाची भुकटी कालवण्यासाठीही सुरक्षित पाणीच वापरावे. दूध, नाचणी, पालेभाज्या आणि आवळा-लिंबू यांसारखी फळे आहारात असल्यास कॅल्शियम व 'क' जीवनसत्त्व मिळून फ्लोराइडचा उपद्रव काहीसा कमी होतो.

कावेरीचे किंवा आरओचे पाणी पिणाऱ्या घरांत परिस्थिती उलटी असते. तेथे पाण्यातून फ्लोराइड जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे फ्लोराइडयुक्त पेस्टचे महत्त्व वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पेस्टचा समावेश २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतातील नियमांनुसार पेस्टमधील फ्लोराइडचे प्रमाण नळीवर व खोक्यावर छापलेले असते. खरेदी करताना ते वाचावे.

तीन वर्षांखालील बाळासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीतल्यासारखा ब्रशभर थर देण्याची गरज नसते. मूल पेस्ट गिळत नाही ना, हे मोठ्यांनी समोर उभे राहून पाहावे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात लहान मुलांसाठी कोणती पेस्ट वापरावी, हे दंतवैद्याला विचारून ठरवावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. एकही दात न पडता ती येत असल्याने पालक तिला दुधाचीच समजतात, आणि बहुधा हीच दाढ प्रथम किडते. तिच्या खोल खाचा वेळीच बुजवून घेता येतात.

मोठ्यांनी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी थोडा तिरका धरून दोन मिनिटे हलकेच फिरवावा. फेस थुंकून टाकावा, पण लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नये. पेस्टमधील फ्लोराइड दातांवर काही काळ राहू द्यावे. लिंबूपाणी किंवा शीतपेय घेतल्यावर अर्धा तास थांबून मगच दात घासावेत. दातांच्या फटी ब्रशने साफ होत नाहीत, त्यासाठी दंतधागा वापरावा. घासताना रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये. ते बहुधा सुजलेल्या हिरडीचे लक्षण असते आणि त्यावर स्वच्छता हाच पहिला उपाय असतो. आठवडाभरात रक्त थांबले नाही, तर तपासणी करून घ्यावी. गुटखा, तंबाखू आणि मशेरी यांनी दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या मात्र खंगतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

जगभरात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे व दातांचे विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. दात गमावलेल्या दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी 'दंतभाग्य' योजना कर्नाटक सरकारने राबवली आहे. कवळीने घास चावता येतो, गेलेला दात मात्र परत येत नाही. तो टिकवण्याची सुरुवात रात्रीच्या दोन मिनिटांच्या घासण्यापासून आणि घरातल्या पाण्याच्या एका तपासणीपासून होऊ शकते.