नांदेडची पंगत

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना पंगतीचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. गावजेवणात कोण ओसरीवर बसणार, कोण अंगणात, कोण वेशीबाहेर आणि कोणाच्या पदरात सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं पडणार, हे चूल पेटण्याआधीच ठरलेलं असे. अशा मुलखात नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतून रोज लंगर चालतो. तिथं पहिला नियमच असा, की सगळ्यांनी जमिनीवर, एका रांगेत बसायचं. अन्न त्यानंतर.

गरिबांना जेवू घालणारी देवस्थानं आपल्याकडे पुष्कळ आहेत. अन्नदान पुण्याचंच, पण त्यात देणारा उभा असतो आणि घेणारा वाकलेला. लंगरनं ही उभ्या-वाकल्याची मांडणीच बदलली. शीख परंपरा सांगते, की तिसरे गुरू अमरदास यांनी भेटीला येणाऱ्यासाठी ‘आधी पंगत, मग संगत’ असा दंडक घातला होता आणि खुद्द अकबर बादशहालाही तो पाळावा लागला. स्वयंपाक शाकाहारी, म्हणजे कोणाचाच धर्म आड येऊ नये. डोकं झाकायचं, पायताण बाहेर ठेवायचं, एवढीच अट. ना कूपन, ना आधार कार्ड. पोळीला इथं ‘प्रसादा’ म्हणतात आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची. समोरचा कारखानदार असो की स्टेशनवर रात्र काढणारा, हात सारखेच पसरतात. खर्च भागतो तो ‘दसवंध’ म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शातून आणि भाविकांनी आणलेल्या पीठ-डाळ-तुपातून.

माझ्या मते खरी क्रांती जेवणघराच्या मागच्या अंगाला आहे. उष्टी भांडी घासणं, फरशी पुसणं, जोडाघरात आल्यागेल्याच्या चपला सांभाळणं. जातीच्या उतरंडीनं ही कामं ज्यांच्या माथी मारली, त्यांना ती करतात म्हणूनच हलकं ठरवलं. इथं त्याच कामाला सेवा म्हणतात आणि ते मिळावं म्हणून खात्यापित्या घरची माणसं बाह्या सावरून पुढे येतात.

हे नांदेडात रुजलं, त्यामागे इतिहास आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंग गोदाकाठी आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथंच त्यांनी देह ठेवला. जाण्याआधी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून त्यांनी गुरुगादी ग्रंथाला दिली. त्या ग्रंथात शिंपी नामदेवांची 61 पदं आहेत, चर्मकार रविदासांची आहेत, विणकर कबीरांची आहेत. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकणारा माणूस या सगळ्यांपुढे वाकतो. गुरूंनी उभ्या केलेल्या खालसा पंथात सर्वांत आधी आलेल्या ‘पंज प्याऱ्यां’पैकी भाई साहिबसिंग जातीनं नाभिक आणि गावानं बिदरचे, म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचे.

लंगर भिंतीबाहेर पडला की काय होतं, ते 2020 च्या टाळेबंदीत दिसलं. नागपूर-हैदराबाद महामार्गावर यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ नांदेडच्या लंगर साहिब गुरुद्वाऱ्याशी जोडलेली एक पत्र्याची शेड आहे. ती चालवणारे, खैरा बाबाजी म्हणून ओळखले जाणारे कर्नैलसिंग तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. शहरांतून चालत निघालेल्या मजुरांना तिथं रात्रंदिवस जेवण मिळालं. हॉटेलं बंद, गावांच्या वेशी बंद, बाहेरून आलेल्याला पाणी द्यायलाही लोक धजत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. दहा आठवड्यांत वीस लाखांच्या आसपास माणसं जेवल्याच्या बातम्या त्या वेळी छापून आल्या. आकडा थोडा इकडेतिकडे झाला, तरी रस्त्यावरच्या त्या सेवेचं मोल कमी होत नाही.

लातूरकडे याच विचाराचा आणखी जुना झरा आहे. निलंगा-औरादच्या पलीकडे बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी तिथं कायक आणि दासोह शिकवला: घाम गाळून कमवा, गरजेपुरतं ठेवा, बाकीचं समाजाचं. लातूर-नांदेडच्या लिंगायत मठांत दासोहाची पंगत आजही बसते. पण कल्याणच्या शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांनी, पंगतीवर भागवलं नाही. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न त्यांनी लावलं. परंपरा सांगते, की त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला आणि कल्याण पेटलं.

सोबत जेवण्याला व्यवस्था एकवेळ डोळेझाक करते. बेटी आणि जमीन म्हटलं, की ती दात दाखवते. नांदेडच्याच माधोदास बैराग्याला हे उमगलं असावं. 1708 मध्ये गुरूंना भेटून तो बंदासिंग झाला, पंजाबात गेला आणि तिथं त्यानं जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या हाती दिल्या.

म्हणून आजच्या धर्मसेवेकडे बघताना थोडं कडक व्हावंसं वाटतं. मराठवाड्यातली धर्मस्थानं अन्न देतात, काही दवाखाने आणि शाळाही चालवतात, हे मान्य. पण ज्या शिकलगार शिखांच्या पूर्वजांनी गुरूंच्या फौजेसाठी शस्त्रं घडवली, त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं आज कढया, विळ्या, कुलपं यांवर पोट भरतात आणि पोलिसांच्या संशयाखाली जगतात. दासोह करणाऱ्या घरांतही सोयरीक पोटजात बघूनच होते. प्रसादा वाढणारे हात जातपडताळणीच्या कचेरीत, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत, बँकेच्या कर्जाच्या टेबलाशी शिकलगारांसारख्या माणसांसोबत उभे राहिले, तर बंदासिंगाचं गाव म्हणवून घेण्यात अर्थ आहे.

तोवर तुमच्या-माझ्या आवाक्यातलं एक काम. नांदेडला दर्शनाला गेलात, की जेवून लगेच गाडी गाठू नका. तासभर मागच्या बाजूला भांडी घासायला बसा.